ओप्रेआ यांची तिहेरी उडी

प्रश्न : तिहेरी उडीत अथेन्स ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवणारे रुमानियाचे मारियान ओप्रेआ यांनी पुढे काय केले?

उत्तर : अथेन्समध्ये २००४ साली त्यांची उडी १७.५५ मीटर, तर सुवर्णविजेते स्वीडनचे क्रिस्टियान ओल्सन यांची १७.७९ मीटर होती. पुढच्याच वर्षी लोझान येथे ओप्रेआ यांनी १७.८१ मीटर, म्हणजे त्या सुवर्णउडीहूनही सरस अंतर गाठले. मात्र त्याच मोसमात हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत १७.४० मीटरवर त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि रौप्यपदक अवघ्या दोन सेंटिमीटरने हुकले. बार्सिलोनात २०१० साली त्यांना युरोपीय रौप्यपदक मिळाले. तेथे ब्रिटनच्या फिलिप्स इडोवू यांनी सुवर्णपदक जिंकले तेही, योगायोग पाहा, नेमक्या १७.८१ मीटरनेच!