सर्दीच्या चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट झाला आहे. घरात उरलेले अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊ का?

घेऊ नका. आपल्याला ताप नाही, नाक वाहते आहे, खोकला आहे आणि घसा खवखवतो आहे, असे आपण लिहिले आहे, आणि हे चित्र विषाणूंच्या संसर्गाचे आहे. नाक, घसा आणि सायनस (नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या) यांचे बहुतेक संसर्ग विषाणूंमुळेच होतात. त्यांत आघाडीवर असलेल्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार असल्यामुळे सर्दी पुन्हा पुन्हा होत राहते, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, म्हणजे जिवाणूंवरचे औषध, यांपैकी कोणावरही चालत नाही.

हिरव्या रंगाची धास्ती माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येते. काही जण तर रुमाल उलगडूनच दाखवतात. संसर्गाशी झुंजायला आलेल्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचे हिरवे एन्झाइम असते आणि त्या पेशी शेंबडात उतरल्या की तो हिरवट दिसतो, मग संसर्ग विषाणूचा असो वा जिवाणूचा. म्हणून मी रंगापेक्षा आजाराची चाल पाहतो. साधे पडसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते आणि सात ते दहा दिवसांत ओसरते. खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. उतार पडल्यावर पुन्हा ताप आणि गालांत ठणका सुरू झाला, किंवा दहा दिवसांनंतरही काहीच फरक पडला नाही, तर जिवाणूजन्य सायनसायटिसचा (सायनसच्या संसर्गाचा) विचार करावा लागतो.

घशाचा एक आजार मात्र अंगावर काढू नये. खोकला नसून ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका येते. शाळकरी मुलांत त्यातून पुढे रूमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात, म्हणून तेथे डॉक्टर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा दहा दिवस देतात, आणि दोन दिवसांत बरे वाटले तरी ते पूर्ण करायचे असते.

आपल्याला सध्या विश्रांती, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि अंग दुखत असल्यास पॅरासिटामॉल एवढे पुरे. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, पण तो एक वर्षाखालील बाळाला कधीही देऊ नये. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन-चार दिवसांत बंद करावेत, कारण पुढे तेच नाक चोंदवतात. धाप लागली, लाळही गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.