लेहची स्वारी आणि मार्चमध्ये सुटणारी ‘एफडी’

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: ‘वय ५७. येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होतोय. लेक २९ वर्षांची, स्वतःची मोटरसायकल चालवते. जुलैमध्ये आम्ही दोघं दोन गाड्यांवर मनाली ते लेह करणार आहोत. माझ्यासाठी ४५० सीसीची नवी गाडी घ्यावी म्हणतो. आत्ता ३ लाखांचं कर्ज काढू आणि मार्चमध्ये बँकेतली तीन वर्षांची एफडी सुटली की फेडून टाकू? तिच्यात दरवर्षी दीड लाख भरलेत, ५ लाख तरी येतील. की गाडी भाड्याने घेऊ? लेक अर्धा खर्च द्यायला तयार आहे, पण मुलीचे पैसे घेणं पटत नाही. शुगरची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. कंपनीचा मेडिक्लेम आहेच.’

गाडी भाड्याने घ्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता त्या एफडीबद्दल. एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दरवर्षी दीड लाख भरायला लावते ती एफडी नसते, म्हणून तुमच्याकडून कागद मागवला. फोटोत वर बँकेचं नाव ठळक आहे आणि खाली, तुमच्या सहीच्या बोटभर वर, बारीक अक्षरात छापलंय: प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे. ही विमा पॉलिसी आहे. मार्चमध्ये काहीही सुटत नाही. मार्चमध्ये चौथा हप्ता आहे.

‘तीन वर्षांनी पैसे काढता येतील,’ असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं म्हणता. काढता येतात, त्यात तो खोटं बोलला नाही. किती येतात, तेवढं गिळून टाकलं. मार्च २०२४ मध्ये घेतलेली अशी पारंपरिक, म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेली पॉलिसी तिसऱ्या वर्षात सोडली तर किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची. साडेचार लाखांचे झाले दीड लाखाच्या थोडे वर. चौथ्या वर्षात हाच आकडा ५० टक्के, म्हणजे सव्वादोन लाख. कंपनी स्वतःच्या हिशेबाने थोडं जास्त देईलही, पण ५ लाख विसरा. आणि ३ लाखांच्या कर्जाला तीन वर्षं महिना १० हजारांच्या आसपास हप्ता बसेल, तो पगार थांबल्यावरही जाणार.

मला खरा संताप येतो तो पुढच्या आकड्यावर. अजून सात हप्ते, साडेदहा लाख, शेवटचा मार्च २०३३ मध्ये. पंचावन्न वर्षांच्या पगारदाराला दहा वर्षांचे हप्ते विकताना ‘साहेब, निवृत्त कधी?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

फ्री लुकची, म्हणजे नको असलेली नवी पॉलिसी परत करण्याची मुदत केव्हाच गेली. बँकेच्या शाखेत जाऊ नका, तिथे दुसरी पॉलिसी गळ्यात मारतील. थेट विमा कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे सोडली तर किती, आणि मार्चचा हप्ता न भरता पेड-अप (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) ठेवून मार्चनंतर सोडली तर किती. जो बरा दिसेल तो घ्या. चौथा हप्ता मात्र भरू नका. दीड लाख घालायचे ते ५० टक्क्यांच्या विहिरीत? सोबत फसवून विकल्याची तक्रारही त्याच कंपनीकडे नोंदवा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा, तिथे फी नाही, वकील लागत नाही. एफडी म्हणून विकल्याचा एखादा मेसेज फोनमध्ये असेल तर तो जपून ठेवा. जिंकालच असं मी म्हणत नाही, कारण सही तुमची आहे.

दुसरी गोष्ट मेडिक्लेमची. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. जुलैत लेहला पोचाल तेव्हा शुगर असेल, विमा नसेल. निवृत्तीआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा. जुन्या आजाराला कव्हर मिळण्याआधी जी वर्षं थांबावं लागतं, त्यात कंपनीच्या ग्रुप विम्यात काढलेली वर्षं धरली जातात. नव्याने घ्यायला गेलात तर शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवरा-बायकोला १० लाखांच्या कव्हरसाठी वर्षाला ५० हजार धरा. दीड लाखाचा हप्ता वाचतोय, त्यातूनच निघेल.

उरली सहल. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, आणि वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या गाडीवर तो कशाला? मनालीत भाड्याची गाडी दिवसाला दीड-दोन हजार धरा. लेहला पोचल्यावर नुब्रा-पँगाँगसाठी मात्र तिथलीच भाड्याची गाडी घ्यावी लागते, बाहेरच्या भाड्याच्या गाड्या तिथले लोक चालू देत नाहीत. तो खर्च आधीच धरा. दोघांचं सगळं मिळून सव्वा ते दीड लाखात बसेल. वाटेतली ‘टांगलांग ला’ ही खिंड ५३०० मीटरच्या वर आहे, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि लेहला दोन दिवस नुसते लोळून काढा.

आणि लेकीचे पैसे घ्या. कमावती आहे, स्वतःहून देतेय. उलट तिला ही पॉलिसीची पावती दाखवा, कंपनीला ईमेल तिच्याकडूनच लिहून घ्या. तुम्ही लिहिलात तर सुरुवात ‘माननीय महोदय’ने कराल आणि रक्कम विचारायची राहून जाईल.