उंदरांना हात लावण्याआधी

सांगलीच्या हळदीचा अर्क उंदरांच्या सुजेवर तपासायचा, विषय झकास आहे रे. पण प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी येईपर्यंत पिंजरा उघडू नकोस. मी 'सर म्हणाले, कर सुरू' यावर सुरू केलं आणि चार महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. उंदीर गेले ते गेलेच. तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितलंय: पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. पण गटात दोनच उंदीर ठेवलेस तर निष्कर्षच निघणार नाही, म्हणून संख्याशास्त्रवाल्याला आधी गाठ. उंदरांना आठवडाभर हाताची सवय लाव. घाबरलेल्या उंदराचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं, त्यानेच सूज कमी दिसू शकते आणि श्रेय हळदीला जातं.

पुढे ऊसतोड मजुरांवर चाचणी म्हणतोस, त्याची समिती वेगळी, सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणीही पहिला माणूस घेण्याआधी. वाचता न येणाऱ्याला त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखव, मगच अंगठा. पण मुकादमाला साक्षीदार करू नकोस. त्याची उचल घेतलेला माणूस त्याच्यासमोर नाही कसं म्हणेल?