वाचकांचे प्रश्न : बोरूच्या बनातले पक्षी दिसावेत कसे?

प्रश्न : पाणथळ अभयारण्याच्या लपणगृहात (पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या आडोशात) तासन्‌तास बसूनही बोरूच्या, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवताच्या, बनातून केवळ आवाज ऐकू येतात. तापस (बगळ्याच्या कुळातला), फटाकडी (पाणकोंबडीच्या कुळातली) असे लाजाळू पक्षी पाहण्यासाठी काय करावे? मोबाइलवर त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावणे योग्य आहे का?

उत्तर : बहुतेक जण दुर्बीण बोरूच्या दाटीवर रोखून बसतात आणि तिथेच निम्मा वेळ फुकट जातो. बोरू संपून चिखल किंवा उथळ पाणी सुरू होते, त्या काठावर नजर ठेवावी. फटाकडीचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे ती काड्यांमधून सहज सरकते. पण किडे आणि गोगलगायी टिपण्यासाठी तिला अधूनमधून काठाशी यावेच लागते. त्यामुळे पाणी उतरून चिखलाची अरुंद पट्टी उघडी पडलेली जागा निवडावी, आणि तीही वारा पडलेला असताना भल्या पहाटे. वाऱ्यात सगळेच बोरू हलत असल्याने पक्ष्याची हालचाल वेगळी कळत नाही, शिवाय लहान पक्षी खालीच दबून राहतात.

तापसाचे तंत्र निराळे आहे. संशय येताच तो चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा बोरूच्या काड्यांत बेमालूम मिसळतात आणि बोरू डुलला की तोही डुलतो. गंमत म्हणजे चोच वर असतानाही त्याचे डोळे खालच्या बाजूने समोर पाहू शकतात, म्हणजे आपण त्याला शोधत असताना तो आपल्याला न्याहाळत असतो! अशा वेळी पक्ष्याचा आकार शोधू नये; पिवळा डोळा किंवा काडीला घट्ट धरलेली लांब बोटे शोधावीत. मोठा तापस या जातीची मादी पिलांना एकटीच भरवते आणि त्यासाठी घरटे व खाद्याची जागा यांदरम्यान उडत राहते. ती बोरूत कुठे उतरली हे एकदा नीट हेरले, तर पुढची खेप त्याच बाजूला दिसण्याची शक्यता बरीच असते. घरट्याकडे चालत जाण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

ध्वनिमुद्रण वाजवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून नर खाणे सोडतो, उघड्यावर येतो आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेस पडतो. शिवाय पक्षी दिसला नाही म्हणून नोंद कमअस्सल ठरत नाही. मोठ्या तापसाच्या नराचा घुमणारा आवाज अनुकूल हवेत काही किलोमीटरवरून ऐकू येतो, आणि ब्रिटनमध्ये त्यांची गणना याच आवाजावरून करतात. 1997 मध्ये तिथे अवघे 11 घुमणारे नर नोंदले गेले होते. पाण्याची पातळी सांभाळून आणि जुने बोरू कापून अधिवास सुधारल्यानंतर ही संख्या 200 च्या वर गेली. आपणही ऐकलेल्या प्रत्येक आवाजाची वेळ आणि दिशा वहीत टिपून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला कोणत्या काठासमोर बसायचे हे ठरवता येईल.