टीव्ही आणि स्पीकरच्या केबलवर किती खर्च करावा?
सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. एचडीएमआयमधून, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या केबलमधून, शून्य आणि एकच धावतात. सिग्नल पूर्ण पोचला की साध्या केबलचं चित्र महागड्या केबलइतकंच स्वच्छ दिसतं. केबलची क्षमता कमी पडली तर रंग फिके होत नाहीत, पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं. माझ्या दहा मीटरच्या केबलने हेच केलं होतं, म्हणून लांब अंतराला मात्र हात आखडू नका. ४के १२० हर्ट्झ, म्हणजे अतिस्पष्ट चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणारं, हवं असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणित, म्हणजे ४८ जीबीपीएसचीच (सेकंदाला ४८ गिगाबिट वाहून नेणारी) घ्या. स्पीकरला शुद्ध तांब्याची जाड वायर पुरते, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. साधारण खोलीला १६ गेज बास. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, इथे नवखे हमखास फसतात. वाचलेले पैसे स्पीकरमध्येच घाला.