रूलिंग हातात घेण्याआधी

चि.,

अनेक आशीर्वाद.

परवा बाररूममध्ये चहा घेताना तू विचारलंस, "सर, निकाल शोधायला वर्षाचं सबस्क्रिप्शन कुठल्या सॉफ्टवेअरचं घेऊ?" तेवढ्यात आपलं मॅटर पुकारलं गेलं आणि उत्तर राहून गेलं. आज रविवार, इंदूरच्या रामबागेतल्या ऑफिसात अशील कुणी नाही, म्हणून सावकाश लिहितोय.

इतक्यात कुठलंच घेऊ नकोस. सुप्रीम कोर्टाचे रिपोर्ट झालेले निकाल जानेवारी 2023 पासून ई-एससीआर या कोर्टाच्याच साइटवर फुकट मिळतात. हायकोर्टाचे आदेश हायकोर्टाच्या साइटवर आहेतच, आणि केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी साइटवर. एससीसी, एआयआर, एमपीएलजे हे निकालांचे छापील खंड चाळायला बारची लायब्ररी आहे. खिशातले पैसे घालायचेच असतील तर मध्य प्रदेशच्या स्थानिक कायद्यांच्या मूळ मजकुराच्या पुस्तकांत, म्हणजे बेअर अ‍ॅक्टमध्ये घाल. असं का म्हणतो ते तुझ्याच केसवरून सांगतो.

गेल्या महिन्यात त्या दुकानाच्या बेदखलीच्या केसमध्ये तू मुंबई हायकोर्टाचं एक रूलिंग, म्हणजे दाखल्यासाठी जुना निकाल, काढून आणलंस. निकाल सुरेख होता, तू पेन्सिलीने खुणाही छान केल्या होत्यास. पण तो महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यावरचा. आपल्याकडे चालतो तो मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961. त्यात मालकाला राहायला जागा हवी असेल तर कलम 12(1)(ई), धंद्यासाठी हवी असेल तर 12(1)(एफ), आणि दोन्हींची भाषा वेगळी आहे. आपण इंदूरची मराठी माणसं इथंच फसतो. मोबाइलवर मराठीत कायदा शोधला की समोर येतो तो महाराष्ट्राचा. तिथला सातबारा म्हणजे इथला खसरा. तिथली जमीन महसूल संहिता 1966 ची, आपली 1959 ची. दुसऱ्या हायकोर्टाचा निकाल आपल्या कोर्टावर तसाही बंधनकारक नसतो. त्यातून कायदाच दुसरा, म्हणजे त्याचं वजन जवळजवळ संपलंच.

आणि त्याहून मोठी गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर होती. आपली अशील विधवा आहे. कलम 23-जे मध्ये जे खास मालक सांगितलेत त्यांत विधवा येते. तिला सज्ञान मुलाच्या धंद्यासाठी दुकान हवंय, म्हणजे 23-ए खाली थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वाट उघडी आहे. तू दोन रात्री जागून निकाल शोधलेस, पण बाईंना चार प्रश्न विचारले नाहीस. फाइल वाचून मुद्दा एका वाक्यात कागदावर लिहिता येत नसेल, तोवर सर्चच्या खिडकीत बोट घालायचं नाही.

आता माझी फजिती ऐक. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एक निकाल मोठ्या झोकात वाचून दाखवला. वाचत होतो ते हेडनोट आणि त्याखालचा एक उतारा. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, पुढचा पॅरा पण वाचा." पुढच्या पॅऱ्याची सुरुवात होती, "हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही." मी जे कोर्टाचं मत म्हणून वाचत होतो, ते हरलेल्या पक्षाच्या वकिलाचं म्हणणं होतं! समोरचे वकील हसलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं. हेडनोट हा निकालाचा भाग नसतो, ती संपादकाने केलेली टिपणं असतात, हे कॉलेजात पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी. तेव्हापासून पक्षकारांच्या नावांपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी निकाल कोर्टात नेत नाही, आणि वहीत पॅऱ्याचा नंबर लिहितो, पानाचा नाही. निकाल छापणाऱ्या प्रत्येक खंडात पानं बदलतात.

निकाल वाचून झाला की तो जिवंत आहे का ते बघ. मुलींच्या सहदायादी हक्काचंच घे, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मिळणाऱ्या हिश्श्याचं. 2015 च्या प्रकाश विरुद्ध फूलवती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायला हवेत. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते मोडीत काढलं. पण सर्चमध्ये फूलवती आजही तितक्याच ताठ मानेने वर येते. आणि सुप्रीम कोर्टाचे सारख्याच संख्येच्या पीठांचे दोन निकाल एकमेकांविरुद्ध गेले तर? आपल्या हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी जबलपूर बस ऑपरेटर्स असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलंय की आधीचा धरायचा. बरेच जण सवयीने नवा पुढे करतात. हा निकाल बॅगेत ठेव.

फौजदारीत तर 1 जुलै 2024 पासून जुनी पाठांतरंच वैरी झालीत. सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, तिचं 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायचं कलम. तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. शोधताना नुसता "482" टाकलास तर खिचडी हाती येईल. कायद्याचं नाव आणि घटनेची तारीख, दोन्ही आधी लिहून घे.

एआयला विचारायला माझी हरकत नाही, शब्द सुचवायला बरं असतं. पण त्याने दिलेलं साइटेशन, म्हणजे निकालाचा संदर्भ, मूळ जागी उघडून पाहिल्याशिवाय अर्जात घालायचं नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. आपल्याकडे तपासणं आता सोपं झालंय, इंदूर खंडपीठाच्या आदेशावर एमपीएचसी-आयएनडी असा न्यूट्रल साइटेशन, म्हणजे कोर्टानेच दिलेला ओळख नंबर असतो. तो टाकून आदेश निघाला नाही तर तो आपल्या कामाचा नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती दुकानाची फाइल घेऊन ये. बाईंच्या यजमानांचा मृत्यूचा दाखला लावलाय का आणि मुलाच्या वयाचा कागद आहे का, एवढं येण्याआधी पाहून ठेव.

तुझा,
सर