विचारा ताईंना : प्याला कुणाच्या नंतर?

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत एक काका येऊ लागलेत. कुष्ठरोगातून बरे झालेले, औषधांचा कोर्स पुरा केलेले. पण बोटं वाकलेली, पायाला पट्टी. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आमच्याकडे एकाच प्याल्यातून होतं. दोन घरं पुढे यायचीच थांबली. शेवटी पंचांनी काकांना ‘तुम्ही सगळ्यांच्या मागून घ्या’ असं सांगितलं आणि दरमहा धान्य सुरू केलं. मीही पंचांत आहे. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सलाम, भाऊ. धान्य चालू ठेवा. मागून घ्यायची अट मात्र काढून टाका.

आधी भीतीचं बघू. मंडळीतली माणसं दुष्ट नसतात हो, घाबरलेली असतात. मी निवृत्त होईपर्यंत कुष्ठरोग रुग्णालयात फिजिओथेरपीचं काम केलं. या रोगावरची एकत्रित औषधं १९८२ पासून आहेत. ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स, सरकारी दवाखान्यात फुकट. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग पसरायचा थांबतो. काकांचा तर कोर्सच संपलाय. वाकडी बोटं म्हणजे नसा निकामी झाल्याची खूण. रोग चालू असल्याची नव्हे. त्या प्याल्यातून कुणाला काही होणार नाही.

बोटं झडतात ही समजूतही जात नाही. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती बधिर हाताला भाजलेलं, कापलेलं कळत नाही म्हणून. मी पाहिलंय. एक पेशंट माझ्याशी गावच्या पाटाच्या पाण्याचं भांडण रंगवून सांगत होता, बोटांत विडी. कातडी जळाल्याचा वास मला आला. त्याचं बोलणं चालूच. म्हणून काकांना चहा स्टीलच्या पेल्यात नको, कानाच्या कपात द्या.

आता शास्त्र. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय १३ प्रमाणे अशा माणसानं ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत वस्तीबाहेर राहायचं. नव्या करारात, मार्क १ मध्ये तसाच एक जण येशूपुढे गुडघे टेकतो. प्रभू आधी हात लावतो, मग ‘शुद्ध हो’ म्हणतो. तुमचे काका तर बरे होऊन आलेत, तरी रांगेत शेवटी! पंचांचा नियम प्रभूपेक्षा कडक झाला की. (आपल्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यातही कुष्ठरोग हे कारण होतं, २०१९ मध्ये ते काढलं. सरकारसुद्धा पुढे गेलं.)

पुढच्या प्रभुभोजनाला तुम्ही आणि वहिनी काकांच्या लगेच मागे उभे राहा. भाषण नको, जाहीर क्षमायाचना नको. बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. त्या दोन घरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना घेऊन जा. काकांना मात्र नेऊ नका, ते काही नमुना नाहीत. दानाची थैली फिरवायला आवडेल का, हे त्यांना एकदा विचारा.

आणि पायाची पट्टी बदलतं कोण? मऊ तळव्याची एमसीआर चप्पल त्यांना मिळाली आहे का? सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून ती फुकट देतात. याच आठवड्यात केंद्रात चौकशी करा. बधिर पायाची जखम रविवारपर्यंत थांबत नाही.